करंजझरीचे मतदार

केशमापकाच्या पडद्यावरील यादी भास्करराव कुंभोजे यांनी तिसऱ्यांदा वाचली. नगरपंचायतीच्या मतदानाला पंचवीस दिवस उरले होते आणि त्यांच्या पुनर्वसन वसाहतीतील दोनशे बारा नावे शहराच्या यादीतून गळाली होती.

"यंत्र चुकलंय, शाहीन."

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. शाहीन मुजावर तंत्रनिकेतनात त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. "सर, खडकातली मूलद्रव्यं पाण्यात उतरतात, पाण्यातून केसात. प्रत्येक गावच्या पाण्याचा ठसा निराळा. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो. मुळापासून सहा सेंटिमीटर वाचले की माणूस सहा महिने कुठलं पाणी प्यायला ते कळतं. जिथलं पाणी, तिथला रहिवासी. हे तुम्हीच शिकवलंत."

शिकवले होते, आणि मतदारनोंदणी कायद्याच्या मसुद्यात कलमही त्यांनीच घातले होते: केसाचा पुरावा अंतिम, तोंडी साक्ष अग्राह्य. तरुणपणी ते करंजझरीत दारोदार मतदार नोंदवत. बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. ते शेजारणीकडून काढून घ्यावे लागे. निवडणूक जवळ आली की एकेका घरात दहा-दहा पाहुणे 'कायमचे' राहू लागत. तरी चौकटीवर खडूने घातलेले आकडे आणि ओट्याओट्यावर मिळालेले गूळपाणी आठवले की अजूनही त्यांचा जीव हलका होई. पुढे गाव धरणात गेले.

"मग ही माणसं राहतात कुठं म्हणतंय तुझं यंत्र?"

"करंजझरीत."

"तिथं चाळीस हात पाणी आहे."

"गावठाणावर. कड्यावरचा झरा कुठं बुडालाय?"

झरा भास्कररावांना ठाऊक होता. दर रविवारी वसाहतीचा टेम्पो त्या झऱ्यावरून कॅन भरून आणी. नळाच्या पाण्यात डाळ शिजत नाही, ही सगळ्यांची तक्रार. ते या वेडाला हसत. घरच्या गाळणयंत्रातले नळाचेच पाणी पीत.

"सर, एकशे सतरावं नाव पाहा."

कुंभोजे भास्कर धोंडीराम. खाली, कुंभोजे इंदुमती भास्कर.

त्यांनी घरी फोन लावला. "आपल्या गाळणयंत्रात पाणी कुठलं असतं?"

"अठ्ठावीस वर्षं प्यालात," इंदुमतीबाई म्हणाल्या, "आज चव लागली होय?"

"सांगायचं नाही का?"

"सांगितल्यावर प्याला असता?"

फोन ठेवून त्यांनी विचारले, "म्हणजे यंदा आमचं मत गेलं?" पन्नास वर्षांत त्यांचे एकही मतदान चुकले नव्हते.

"आज नळाचं पाणी सुरू केलंत तरी केसात उतरायला सहा महिने. पण सर, नववं कलम कुणी लिहिलंय?"

जिथे शंभराहून अधिक रहिवासी, तिथे स्वतंत्र प्रभाग आणि मतदान केंद्र. तेही त्यांनीच लिहिले होते.

"यंत्रानं आदेश सकाळीच काढलाय," शाहीन म्हणाल्या. "केंद्रावर नावं पुकारायला मदतनीस मात्र त्याच यादीतला लागेल."

मतदानाच्या दिवशी कड्यावर झऱ्याशेजारी तंबू उभा राहिला. खाली जलाशय पसरला होता. भास्करराव यादी घेऊन बसले आणि जुन्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक नाव मोठ्याने पुकारू लागले. रांगेतली म्हातारी माणसे आपले नाव ऐकताच 'हजर' म्हणत होती. तसे म्हणायची गरज नव्हती.

"एकशे अठरा. कुंभोजे इंदुमती भास्कर. कुणाची हरकत?"

हरकत कुणाचीच नव्हती. इंदुमतीबाईंनी झऱ्यावर भरलेला तांब्या टेबलावर ठेवला. "घसा सुकला असेल. कुठलं पाणी आहे ते सांगू का?"

"नको," ते म्हणाले. पुढच्या यादीसाठी केस आजपासूनच वाढत होता. त्यांनी तांब्या रिकामा केला आणि एकशे एकोणिसावे नाव पुकारले.