झावळ्यांखालची मोकळी जागा

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. त्या झाडावर मी होतो. माझ्या हातांनी जे दिलं, तेच सांगतोय.

ट्युनिशियातलं आमचं दगाश गाव. नोव्हेंबरचा मंगळवार होता, दुपारची वेळ. भुताखेतांची वेळ नव्हतीच ती.

आमचा दगलत नूर जातीचा खजूर फार नाजूक. घड खाली टाकला की संपलं, मग तो बकऱ्यांनीच खायचा. म्हणून खोडावर एकाखाली एक माणसं उभी राहतात आणि घड हातोहात उतरवतात.

शेंड्यावर कापायला मी, लझर. माझ्याखाली धाकटा भाऊ नौफल. त्याच्याखाली हत्ताब काका, मग बाकीचे.

घड एवढा मोठा की त्याच्याआड खालचा माणूस दिसत नाही. म्हणून आमचा नियम आहे. खालच्यानं "घेतला!" म्हटल्याशिवाय वरच्यानं सोडायचा नाही.

आदल्या वर्षी मी तो नियम मोडला.

शेजारच्या बागेतली टोळी आमच्या पुढे गेली होती. मला घाई झालेली, आणि नौफलची थट्टा काही थांबेना.

"दादा, झोप लागली का वर? उशी पाठवू?"

"गप रे! धर!"

"अरे थांब, हात तर..."

मी सोडला.

घड पडू द्यायचा ना! पण आमच्या रक्तातच नाही ते. त्यानं दोन्ही हातांनी घड झेलला. खोड धरायला हातच उरला नाही.

खाली पोचलो तेव्हा घड त्याच्या छातीवर होता. एक खजूर फुटला नव्हता.

लोक म्हणाले, ताडी प्यायला असेल. पोरगं हसरं होतं ना, म्हणून. आईनं मला विचारलं, "प्यायला होता का रे?"

मी मान खाली घातली. बस्स, एवढंच केलं मी.

लाजेनं आईनं चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचा कुसकुस दार लावून शिजवला. नौफलचं नाव घरात बंद झालं.

वर्षानं पुन्हा तेच झाड आलं. नौफलच्या जागी उभं राहायला कुणी तयार होईना.

हत्ताब काका म्हणाले, "राहू दे मोकळी जागा. तूच दोन पावलं उतरून मला देत जा."

मी पहिला घड कापला. खाली उतरणार, तेवढ्यात...

घडांभोवतीच्या गांधीलमाश्यांची भुणभुण थांबली.

खोड किंचित हललं. कुणीतरी पाय रोवल्यासारखं.

आणि घडाच्या आडून आवाज आला...

"घेतला!"

माझ्या हातातलं वजन गेलं.

खालून काका ओरडले, "वा रे पठ्ठ्या! हात लांब झाले की तुझे!"

मी पुढच्या घडाला हात घातला.

दुसरा घड. "घेतला!" तिसरा. "घेतला!" सातव्याला काकांचा आवाज बदलला.

"लझर... तू वरच आहेस?"

"हो काका."

"मग मला देतंय कोण?"

ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून त्यांना वरचं दिसत नव्हतं. पण घड घेताना हाताला हात लागत होता. अंगठ्याला चिंधी बांधलेली होती म्हणाले. नौफल बांधायचा, डाव्या अंगठ्याला.

शेवटचा घड मी धरून बसलो. आवाज येईना. हात भरून आले. तरी सोडवेना.

मग मीच बोललो.

"नौफल, तू प्यायला नव्हतास रे. मी सोडला. तू थांब म्हणत होतास आणि मी सोडला."

मग अगदी हळू...

"घेतला."

खाली उतरलो तेव्हा काका माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

तसाच घरी गेलो आणि आईला सांगितलं. ती ओरडली नाही. तिनं दार सताड उघडलं. मोठं पातेलं गल्लीत आणून चुलीवर चढवलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून सांगू लागली, "जेवून जा! माझ्या नौफलचं जेवण आहे! प्यायला नव्हता माझा लेक, घड वाचवताना गेला!"

सगळे जेवून गेल्यावर तिनं माझ्यापुढे थाळी ठेवली.

"तुला माफ करेन की नाही, मला ठाऊक नाही. जेव."

ती गेली त्याला आता तीन वर्षं झाली. माफ केलं की नाही, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या झाडावर आम्ही अजून ती जागा मोकळी सोडतो. दर नोव्हेंबरला मी पहिला घड खाली धरतो आणि थांबतो. माश्या भुणभुणत राहतात. खोड हलत नाही. त्याला हवं होतं ते मिळालं, म्हणून गेला असेल. की माझ्याकडून आता काहीच घ्यायचं नाही त्याला?

त्या दिवशी भीती वाटली होती. आता वाटते ती वेगळीच.

"लझर, दे की रे!" खालून म्हातारे हत्ताब काका हाक मारतात. मी आणखी थोडं थांबतो. मग दोन पावलं उतरतो आणि घड त्यांच्या हातात देतो.