सावधलहर

कोल्हापूरच्या क्रीडा-मेंदूविज्ञान प्रयोगशाळेत डॉ. नफीसा मुजावर यांनी पडद्यावर चार आलेख उघडले. खुर्चीत बसलेले रंगराव सरनोबत ते बघत होते. देशातल्या फुटबॉल संघांचा बचाव बांधून देणं हे त्यांचं काम. काही संघांत त्यांनी बचावाची भिंत उभी केली होती, तर काहींत त्यांचं पार हसं झालं होतं.

"आखणी तीच, सरावही तोच," सरनोबत म्हणाले. "मग साताऱ्यात जमलं, ते पुण्यात का बिघडलं?"

"सामन्यात खेळाडू कपाळाला संवेदकपट्टी बांधतात, त्यातल्या या नोंदी. शेजारचा खेळाडू जागेवर आहे का, हे मेंदू सतत तपासत असतो. त्या तपासणीला आम्ही सावधलहर म्हणतो. पण आखणीवर पूर्ण भरवसा बसला, की मेंदू श्रम वाचवतो. लहर विझते."

"म्हणजे?"

"साताऱ्यात तुम्हाला कोणी ओळखत नव्हतं. पोरं धास्तावून एकमेकांकडे बघत राहिली. पुण्यात तुमचं नाव आधीच पोचलं होतं. सर, जिथे तुमच्यावर विश्वास नव्हता, तिथेच तुम्ही जिंकलात."

आठवड्यानं त्यांच्या हाताखालच्या पंचगंगा महिला संघाचा गोव्याच्या संघाशी अंतिम सामना होता. हरला तर संघ बरखास्त, असं संघ चालवणाऱ्या मंडळानं बजावलं होतं. आणि या मुली तर त्यांना देव मानत. बचावफळीत डावीकडे त्यांची स्वतःची लेक, शर्वरी खेळायची.

"हे मुलींना सांगून टाकू," मुजावर म्हणाल्या.

"सांगितलं तर म्हणतील, सरांनी हेसुद्धा शोधून काढलं. भरवसा आणखी वाढेल."

सामन्याच्या दुपारी कपडे बदलायच्या खोलीत ते मुलींसमोर उभे राहिले. "पुढच्या हंगामात मी गोव्याच्या संघाकडं चाललोय. आपली आखणी त्यांना ठाऊक आहे. आता तुमचं तुम्ही बघा."

गोलरक्षक मुलगी रडू लागली. शर्वरीनं एकदा बापाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सरनोबत तसेच बाहेर पडले.

मुली जिवाच्या आकांतानं खेळल्या. प्रत्येक चढाई त्यांनी परतवली. शेवटच्या मिनिटांत मात्र डावीकडून एक पास सुटला आणि गोल झाला. पंचगंगा संघ हरला. सरनोबतांकडे न बघताच मुली मैदानाबाहेर गेल्या.

मुजावर यांनी हातातला पडदा त्यांच्यापुढे धरला. बचावफळीतल्या तिघींच्या लहरी उंच उसळलेल्या होत्या. चौथी रेष सुरुवातीपासून अखेरपर्यंत सपाट होती.

"डावी बाजू," त्या हळूच म्हणाल्या. "तिनं शेजारी एकदाही बघितलं नाही, सर."

तेवढ्यात शर्वरी आली. गुडघे चिखलानं भरले होते.

"बाबा, तुम्ही खोटं बोलताय हे मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही आम्हाला असं वाऱ्यावर सोडणार नाही. म्हणून मी तुमच्या आखणीबरहुकूम खेळले, तसूभरही हलले नाही. मग माझं चुकलं कुठं?"

सरनोबतांनी मुजावर यांच्या हातातला पडदा घेतला आणि तिला दिसू नये असा उलटा धरला.

"कुठंच नाही, बाळ," ते म्हणाले.