लुंग फिनचा चुकलेला बाजार

आमच्या डोंगरात दिवसांना ओळीनं बारा जनावरांची नावं असतात. लुंग फिनचा बाजार त्यातल्या वाघाच्या आणि माकडाच्या दिवशी भरतो, म्हणजे दर सहा दिवसांनी. या आठवड्यात शनिवारी भरला, तर पुढच्या आठवड्यात शुक्रवारी. घरात हे गणित एकट्या आईकडे असायचं. चुलीपाशी बसून ती बोटांच्या पेरांवर जनावरं मोजायची आणि म्हणायची, "उद्या माकड. टोपली काढ." मी गावचा आरोग्यसेवक. माझ्या फोनमध्ये लसीकरणाच्या तारखा असतात, वाघ-माकडं नसतात.

त्या शनिवारी बाजारात एक घोडा उधळला आणि आई घोडे बांधायच्या खांबापाशी पडली. साधं खरचटलंही नाही. घरी मात्र तिनं अंथरूण धरलं. बोलणं बंद, मक्याचा घास तोंडात तसाच. मी ताप पाहिला, नाडी पाहिली, जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊन डोक्याचा फोटो काढून आणला. सगळं ठीक. दहाव्या दिवशी ती चमच्यानं दिलेलं पाणीही गिळेना, तेव्हा माझं धाबं दणाणलं.

"तुझ्या यंत्रात दिसायचं नाही ते," माझी आत्या म्हणाली. "तिचा जीव त्या खांबापाशी राहिलाय. पुढच्या बाजाराला जा आणि हाक मारून घेऊन ये."

"आत्या, जीव म्हणजे काय छत्री आहे, विसरून यायला?"

"छत्री असती तर एव्हाना कुणी पळवली असती. ऊठ, दिवस मोज. आणि येताना मागं वळून बघू नकोस."

मी मोजले. शुक्रवार आला. त्या दिवशी पहाटे आत्याच्या सांगण्यावरून आईचा निळा कोट हातावर टाकला, वाटीभर तांदळात एक कच्चं अंडं उभं केलं, उदबत्त्या घेतल्या आणि डोंगर उतरलो.

बाजारात कुणीच नव्हतं. रिकाम्या शेडखाली धुकं भरलं होतं. कोबीची पानं, उसाची चिपाडं, रश्श्याच्या कढयांखालची गार राख. घोड्यांची लीद कालची होती. म्हणजे बाजार काल, गुरुवारी झाला होता. दिवस मोजणारी आजारी, आणि मोजायला बसलो मी! पुढचा बाजार अजून पाच दिवसांनी होता, आणि आई तेवढे दिवस काढणार नव्हती. मला स्वतःचा इतका राग आला की वाटी तिथंच आपटावीशी वाटली.

तेव्हा खांबापाशी कुणीतरी बसलेलं दिसलं.

पाठमोरी बाई. शेजारी टोपली. कोटाच्या उजव्या खांद्यावर लाल ठिगळ होतं. ते ठिगळ मी ओळखत होतो, कारण तोच कोट माझ्या हातावर होता.

मी घरी फोन लावला. माझ्या बायकोनं उचलला; माय तिचं नाव.

"आई कुठंय?"

"कुठं असणार? माझ्यासमोर. डोळे उघडे आहेत, पण हाक मारली तर बघत नाहीत. का रे?"

"काही नाही."

उदबत्त्या पेटवताना तीन काड्या मोडल्या.

"आई," मी म्हणालो, "घरी चल. चूल पेटलीय."

"चुकवलास ना दिवस?" ती न वळता म्हणाली. आवाज तिचाच, तसाच कुरकुरा. "काल सगळे आले नि गेले. वाटलंच होतं मला."

मी वळलो आणि चालू लागलो. मागं टोपली करकरत होती.

ओढ्यावर मी आत्यानं सांगितल्याप्रमाणे जीवाला ओलांडायला काठी आडवी टाकली. मी ओलांडला. मागून काठी वाकल्याचा आवाज झाला.

"थांब जरा," आई म्हणाली. "हिचे पाय आखूड आहेत."

मी थांबलो. काठी पुन्हा वाजली, या वेळी हलकीच.

मी मागं पाहिलं नाही.

घराच्या दारात पोचलो, तर आई चुलीपाशी बसून मायला झापत होती. "एवढं पाणी घालतात का मक्यात? डुकरांना करतेयस का?" मी उंबऱ्यातच बसलो आणि हमसून हमसून रडलो. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

"रडतोस काय? दिवस मोजायला शीक," आई म्हणाली.

आत्यानं ते अंडं उकडलं आणि सोलून उजेडात फिरवून पाहिलं. कुठं खड्डा नाही, डाग नाही. "आली, पुरती आली," ती हसली आणि तिनं दोऱ्यानं अंडं कापलं.

आत दोन बलक होते.

आत्याचं हसू थांबलं. मी मायकडे पाहिलं, माय अंड्याकडे पाहत होती. आईला मात्र काहीच वाटलं नाही. तिनं एक बलक तोंडात टाकला, चवीनं खाल्ला. दुसरा छोट्या वाटीत घेतला आणि शेजारच्या रिकाम्या, बुटक्या स्टुलावर ठेवला.

मग वाकून तिनं त्यावर दोनदा फुंकर घातली.

"सावकाश खा गं," ती म्हणाली. "गरम आहे."