दोन अक्षरांवर अडलेलं लिनक्स

सुरतेत उधना दरवाज्याहून गोडादऱ्याला निघालेल्या शेअर रिक्षात चंचल मांडीवर कॉम्प्युटरचा डबा घेऊन बसली होती. खड्डा आला, डबा उसळला... आणि शेजारच्या तरुणाने तो दोन्ही हातांनी अलगद झेलला.

"जड आहे हो! काय आहे यात?"

"लिनक्स. म्हणजे — होतं. मीच मोडलं."

तो हसला नाही. ज्याच्याकडे ती डबा दुरुस्तीला घेऊन गेली होती, तो दुकानदार मात्र हसला होता. "बेन, आ तो गयुं!" हे तर कामातूनच गेलं, म्हणे. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून तिने लिनक्स, कॉम्प्युटर चालवणारी ती प्रणाली, एकटीने बसवलं होतं. मग आवराआवर म्हणून एक फाईल जागची हलवली, आणि झालं! कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर 'एल' आणि 'आय' एवढी दोनच अक्षरं उमटायची, पुढे सगळं ठप्प.

"कितव्यांदा मोडलंत?"

"तिसऱ्यांदा."

"तीनदाच?" त्याचे डोळे चमकले. "मी भेस्तानला लूम फिटर आहे, यंत्रमाग जोडतो. पहिला लूम अकरा वेळा खोलला, तेव्हा कुठे मला कळायला लागला."

त्याचं नाव कुंदन. डबा त्यानेच घरापर्यंत उचलून आणला. दारातच तिचे वडील, भिकनआप्पा, कडाडले, "सोमवारपावत चालनं नही तं ईकी टाकसू!"

विकणार? चंचलचा चेहरा उतरला.

"बठ भाऊ, च्या पी ले," आई, उषाबाई, कुंदनला म्हणाली.

चहा तसाच गार झाला. चंचलने फ्लॉपी घालून कॉम्प्युटर कसाबसा जागा केला आणि आतली डिस्क उघडली. एकेक फाईल दिसू लागली.

"म्हणजे... आत सगळं जिवंत आहे?" कुंदनचा आवाज आपोआप खाली आला.

"सगळं. सुरुवात कुठून करायची, तेवढंच विसरलंय ते."

तिने फाईल जागेवर ठेवली, सुरुवातीचा पत्ता नव्याने लिहून दिला, फ्लॉपी काढली, बटण दाबलं — आणि डोळे घट्ट मिटले.

"चंचल... बघा तरी!"

पांढऱ्या ओळी झरझर वर धावत होत्या. मेमरी सापडली, डिस्क सापडली, कीबोर्ड सापडला... जणू झोपेतून उठलेलं कुणी आपलेच हातपाय चाचपून बघत होतं. आप्पाही खाटेवरून उठून मागे येऊन उभे राहिले.

"हाई समदं तू करं?" त्यांनी हलकेच विचारलं. विकण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

मग कुंदन दर रविवारी दुपारी शिकायला येऊ लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. एका रविवारी त्याने एक अख्खं फोल्डर उडवलं. घामाघूम झाला बिचारा.

"मोडलंस ना? मग तूच जोड," म्हणत चंचल हाताची घडी घालून बसली. चार तास लागले त्याला. पण जोडलं!

त्याने काय-काय टाईप केलं ते बघायला तिने वरच्या बाणाची कळ दाबली. जुन्या आज्ञा एकेक करून मागे येऊ लागल्या... आणि मध्येच तिचं नाव. पुन्हा तिचं नाव. सात वेळा!

"हे काय?"

कुंदनचे कान लाल झाले. "बघत होतो... काही उत्तर येतं का."

"आलं?"

"अशी आज्ञाच नाही, म्हणालं."

"त्याला काय विचारतोस?" तिने नजर वर केली नाही. "मला विचार ना..."

त्याने विचारलं.

चंचल इतक्या हळू 'हो' म्हणाली, तरी आत पोळ्या लाटणाऱ्या उषाबाईंचं लाटणं थांबलं.