कनातीमागचा कॉर्नेट

मांडवीच्या पुळणीवरून हिरा मासळीची पाटी डोक्यावर घेऊन निघाली होती. उपड्या घातलेल्या होडीमागून अचानक ‘भॉंऽऽ’ असा आवाज उठला. हिरा दचकली, पाटी कलंडली आणि निम्मे बांगडे वाळूत!

“कोण मेला तो?”

होडीमागून एक काटकुळा तरुण उठला. हातात पितळी बाजा, गाल लालबुंद.

“मी... गंगाराम. सूर धरून ठेवायचा सराव करत व्हतो.”

“ह्याला सूर म्हणतात? म्हस बरी वरडते!”

“कॉर्नेट हाय हा. सुरवातीला असाच वाजतो.”

“मग सुरवात समुद्रात जाऊन कर!”

एकेक बांगडा उचलून, लाटेत धुऊन, हळुवार हाताने त्याने पाटीत ठेवला. हिराच्या जिभेवरच्या दोन शिव्या तशाच राहून गेल्या... आणि दुसऱ्या दिवशी, काही कारण नसताना, ती पुन्हा त्याच वाटेने आली.

गंगाराम खलाशाचा मुलगा. पलटणीच्या बँडातून परतलेल्या रावजी मास्तरांकडे तो शिकत होता. इंग्रजी स्वरलिपी वाचायची, ओठ सुजेपर्यंत एकच सूर लावायचा, चुकला की बोटांवर छडी. दोन वर्षांत त्याचा बाजा गाऊ लागला.

“आज बरा वाजला,” हिरा म्हणायची. “म्हंजे कालच्यापेक्षा कमी वाईट.”

“तू रागावलीस की माजा सूर बरोबर लागतो.”

“मग जन्मभर रागवायला कोणतरी आणून ठेव!” ती बोलून गेली, आणि जीभ चावून भरभर चालू लागली.

त्या उन्हाळ्यात कलेक्टरसाहेबांच्या निरोप समारंभाला मुंबईचे एक मोठे बँडमास्तर येणार होते. त्यांना आपल्या बँडासाठी कॉर्नेटवाला हवा होता. आदल्या दिवशी गंगाराम खाली मान घालून होडीला टेकला होता.

“रावजी मास्तरांचा पुतण्या शिवा पुढं उभा राहणार,” तो म्हणाला. “नुसता बाजा तोंडाला लावून. मी कनातीमागून वाजवायचं.”

“आणि तू व्हय म्हणालास?”

“मास्तरांनी शिकवलंय मला, हिरा. बाजापण त्यांचाच...”

“बाजा त्यांचा, पण दम कुणाचा? छाती कुणाची? त्यांनी चोरी सांगितली आणि तू मान हलवलीस? माज्याशी बोलू नको!”

समारंभाला हिरा कुंपणाशी गर्दीत उभी राहिली. शिवाने झगमगीत कोट घालून गाल फुगवले. कनातीमागून सूर उठला... स्वच्छ, लांब, खाडीवरच्या वाऱ्यासारखा. लोक शिवाकडे बघून “वाहवा!” करू लागले. हिराच्या अंगाची लाही लाही झाली. तिने ताडकन पाठ फिरवली.

आणि सूर तुटला.

शिवाची बोटं चालूच होती, गाल फुगलेलेच होते, पण आवाज नाही! हशा पिकला. कनात हलली. गंगाराम बाहेर आला. अनवाणी, साध्या सदऱ्यात. सगळ्यांच्या समोर उभा राहून त्याने राहिलेली चीज शेवटपर्यंत वाजवली.

रावजी मास्तरांनी तिथल्या तिथे त्याच्या हातातला बाजा हिसकावून घेतला. मुंबईचे बँडमास्तर उठले. “बाजा आम्ही देऊ,” ते म्हणाले. “तू ये.”

गंगारामला मुंबईला नेणारी, पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट खोल पाण्यात उभी होती. उतारूंना तिच्यापर्यंत नेणारा पडाव हिराच्या बापाचा, बाबू तांडेलाचा. हिरा एरवी त्यात बसत नसे. आज कुणी न विचारता गंगारामशेजारी चढून बसली होती, आणि फणकाऱ्याने समुद्राकडे बघत होती.

“मधेच का थांबलास तवा?”

“कनातीच्या फटीतनं तू दिसत व्हतीस,” गंगाराम हळूच म्हणाला. “तुजी पाठ दिसली... आणि माजा दमच संपला. लोकांनी कायपण म्हणू दे, हिरा. तू तोंड फिरवलंस तर मी वाजवू कुणासाठी?”

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याचाच तिला आणखी राग आला.

“हे आत्ता सांगतोस? दोन वर्षं त्वांड शिवलं व्हतं? आता बोट सुटंल, तीन महिने दर्या बंद, आणि मी इथं—”

“हळू बोल... तुजा बाप ऐकंल.”

“ऐकू दे! लगीन करायचं तर त्याला ऐकावंच लागंल!”

पडावातले सगळे उतारू वळून बघू लागले. सुकाणू धरलेला बाबू तांडेल मिशीत हसला.

“नारळी पुनवेनंतर पयल्या बोटीनं ये रं बाबा,” तो म्हणाला. “उशीर केलास तर ही मला घरात राहू देणार नाय.”