सरळ कापलेलं टोक

या मंडळी, जवळ सरका. देवाच्या दयेनं ही गोड शेवटाची गोष्ट आहे, निवांत ऐका.

स्टॉकहोमजवळच्या किस्तातल्या प्रयोगशाळेत तूवा त्या शुक्रवारी सकाळी नुसती धुमसत होती. दुपारी दोनला प्रबंध भिंतीवर खिळ्यानं ठोकायचा, ही तिथली रीतच. आणि शेवटचा आलेख अजून कोरा! केसाएवढ्या काचेच्या तंतूत तिनं लेझरनं बारीक रेघा कोरल्या होत्या. त्यांनी प्रकाशाचा एकच रंग परत फिरवायचा, बाकीचे पुढे सोडायचे; पुढे ॲम्प्लिफायरनं त्यांना बळ द्यायचं. पण आज मेला प्रकाश आतल्या आतच घुमत होता, स्वतःच पेटत होता...

दार उघडलं. हातात दालचिनीचा पाव घेऊन एक उंच तरुण उभा.

“कॉफीची वेळ झाली. मी सिक्स्टेन, शेजारच्या खोलीतला. तीन दिवस कॉफीला न आलेली ती तूच ना?”

“साखर सांडू नकोस टेबलावर! हा ॲम्प्लिफायर कुणी बांधलाय?”

“मी.”

“मग तूच माझ्या मुळावर उठलायस!”

तो हसला नाही. पाव खिडकीत ठेवून सूक्ष्मदर्शकावर वाकला. तंतू टोकापर्यंत निरखत गेला.

“हे शेवटचं टोक कुणी कापलं?”

“मी. का?”

“सरळ कापलंयस.”

तूवाचे कान तापले. टोक तिरकं कापलं की परत फिरणारा प्रकाश बाजूला निसटतो. सरळ टोकावरून तो उलटा आत शिरतो अन् पुन्हापुन्हा वाढत राहतो. हे ती स्वतः नवख्यांना शिकवायची!

“म्हण ना काहीतरी! हस तरी!”

“कशाला? घाईत माझाही हात असाच चुकतो.” त्यानं तंतू कापायचं यंत्र तिच्यापुढे सरकवलं. “मी दार धरतो. कुणी आत येणार नाही.”

एक वाजता आलेख हवा तसा उमटला. दोनला भिंतीपाशी गर्दी. तिचा पहिला खिळा वाकडा झाला.

“मी धरतो खिळा,” सिक्स्टेन पुढे आला.

“बोट ठेचेल तुझं.”

“ठेचू दे. फुंकर घालायला तुला रोज यावं लागेल...”

“रोज? काय माणूस आहे, देवा!” हातोडी तशीच वर राहिली. “आणि... बोट नाही ठेचलं, तर?”

“तरीही ये. मला तू हवी आहेस, तूवा.”

“येईन,” ती पुटपुटली, आणि खिळा एका घावात बसला.

तर मंडळी, तुमची चूक दाखवताना जे माणूस हसलं नाही, त्याची आज एकदा मनापासून आठवण काढा.