उन्नतीचे दोन गुण

शनिवार, सात डिसेंबर दोन हजार चोवीस, सकाळी साडेदहा. स्थळ, कोपरखैरण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयाची शिक्षकखोली. नेमलेले परीक्षक आजारी पडल्यामुळे त्यांच्या जागी दिवाळे गावचा धनेश कोळी आला आणि तिथे इतिहास शिकवणाऱ्या तेजश्रीच्या समोर बसला. बारावीच्या प्रगत वर्गाच्या, आधुनिक जगाच्या इतिहासाच्या चाळीस उत्तरपत्रिका होत्या. प्रत्येकीवर दोघांची सही हवी होती. काम एका दिवसाचे. परंतु दोघांच्या वादापायी त्याला तीन शनिवार लागले.

तिसऱ्या शनिवारी उन्नती नावाच्या मुलीची एकच उत्तरपत्रिका उरली, तेव्हा ती संपू नये असे तेजश्रीला वाटले. साताऱ्याच्या एका महाविद्यालयाने तिला नेमणूक दिली होती. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. धनेशला हे ठाऊक होते. त्याने त्यावर अवाक्षर काढले नव्हते.

“‘अकरा नोव्हेंबर १९१८ रोजी युद्धबंदी झाली,’” धनेशने वाचले आणि लाल रेघ ओढली. “उन्नतीचे दोन गुण गेले. शस्त्रसंधी लिहायला हवं. युद्धबंदी म्हणजे पकडलेला सैनिक.”

“मग दारूबंदी म्हणजे पकडलेली दारू का, सर?”

“कधीकधी तसंच असतं, मॅडम.”

ती हसली नाही. हसू दाबायला पेनाचे टोपण मात्र तिला दोनदा लावावे लागले. “बंदी म्हणजे थांबवणं. युद्ध थांबलं. पोरीचं बरोबर आहे.”

“आणि कैदी?”

“तोही अर्थ आहे. पण इथे कैदी कोण?”

धनेशने उत्तरपत्रिका मिटली, पुन्हा उघडली.

“मी,” तो म्हणाला. “एरवी चाळीस पेपर... दुपारपर्यंत संपवतो.”

तेजश्रीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “मग साताऱ्याचं कळल्यावर गप्प का बसलात?”

“तुमची नोकरी. थांबा म्हणायचा मला काय हक्क?”

“हक्काचं नंतर बघू. म्हणायचंय का?”

“थांबा—”

“आधी दोन गुण द्या.”

त्याने दिले, आणि सहीही केली.

त्याच दिवशी संध्याकाळी तो तिला दिवाळ्याला घेऊन गेला. त्याची आई, विमलबाई, धक्क्याजवळ कोळंबी विकत बसली होती.

“आये, ह्या तेजश्री. मी यांना लग्नाचं विचारलंय.”

“कधी?” तेजश्री उसळली.

“आत्ता, रिक्षात.”

“रिक्षात ‘तुम्ही कोळंबी खाता का?’ एवढंच विचारलंत!”

“आमच्याकडे त्याचा अर्थ—”

“मुळीच नाही! प्रश्न नीट विचारा. उत्तर हो आहे, म्हणून प्रश्न मोघम चालणार नाही.”

विमलबाईंनी तागडी खाली ठेवली. आधी मुलाकडे पाहिले, मग कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या तेजश्रीकडे.

“भांडन रोज व्हईल,” त्या म्हणाल्या. “संसार बी चांगला व्हईल.”